टाईप करणारी, इयत्ता चौथी

ही वही कुणाच्या हाती लागली तर त्यानं आधी मला माफ करावं. माझं अक्षर वाईट आहे. ओळ डावीकडून निघते आणि उजवीकडं पोहोचेपर्यंत खाली घसरते. ऱ्हस्व-दीर्घाचा मला आयुष्यभर अंदाज आलेला नाही. चौथीनंतर पेन हातात धरलं ते गादीच्या कापडावर माप टाकण्यापुरतंच, त्यामुळं बोटं सुईला सरावली, पेनाला नाही. माफी मागायची ती एवढ्याचीच. पुढं ज्या माफीची गोष्ट येणार आहे ती मी तेव्हा मागितली नाही आणि आज डोक्यात पांढरं झाल्यावरसुद्धा मागणार नाही.

आमचं घर पिंजाऱ्याचं. माझा जन्म शिरूरचा, आणि लहानपणचं मला आठवतं ते सगळं कापसाखालून आठवतं. अब्बा पडवीत कापूस पिंजायचं धनुकलं, म्हणजे पिंजण, टांगून बसायचे. लाकडी ठोकळा तारेवर पडला की धुंग असा आवाज निघायचा आणि तो भिंतीतून, ताटातून, दातांतून जायचा. आम्ही भावंडं त्या तालावर पाढे म्हणायचो. कापसाचे तंतू घरभर उडायचे. डाळीत पडायचे, पापण्यांवर बसायचे, अम्मीच्या भाकरीवर पांढरी लव चढवायचे. अम्मी भाकरी तव्यावरून काढली की लगेच फडक्याखाली लपवायची आणि आम्हाला म्हणायची, "तोंड मिटून खा." बाजरीची भाकरी, शेंगदाण्याची लाल चटणी, आठवड्याच्या बाजारादिवशी सुका बोंबील. घरात आम्ही आमची बोली बोलायचो, हिंदीही नाही आणि मराठीही नाही अशी. ती लिहिता येत नाही म्हणून इथं सगळ्यांना मराठीतच बोलायला लावते आहे.

मी चौथी पास झाले त्या उन्हाळ्यात दौंडच्या चुलत्यांनी दुकान सोडलं आणि ते अब्बांनी घेतलं. बोचकी बांधून आम्ही दौंडला आलो. पाचवीत नाव घालायचं तर शिरूरच्या शाळेतून दाखला आणायला पाहिजे होता. अब्बा म्हणाले, पुढच्या आठवड्यात जाऊ. पुढच्या आठवड्यात लग्नाच्या गाद्या होत्या. मग त्याच्या पुढच्या आठवड्यात. दाखला आणायचं आधी राहिलं, मग राहूनच गेलं. कुणी मला शाळेतून काढलं नाही. कुणी रागावलं नाही, कुणी रडलं नाही. एका एसटीच्या फेरीसाठी माझी शाळा गेली, हे मला पुष्कळ वर्षांनी कळलं, आणि कळलं तेव्हा राग कुणावर काढायचा ते कळेना.

दौंडला पिंजायचं मशीन होतं. त्याचा आवाज नुसता घरघर, त्यावर पाढे म्हणता येत नव्हते. मी दिवसभर दुकानामागं बसून अभ्रे आणि उशा शिवायची. मला माणसांशी बोलता येत नसे. गिऱ्हाईक आलं तर मी गादीआड व्हायची. बाजारात "रेहाना" म्हणून कुणी हाक मारली तर मी वळून बघण्याआधी लाल व्हायची.

पुढं काही वर्षांनी आमच्या शेजारच्या गाळ्यात सुभाषदादानं सायबर कॅफे काढला. चार कॉम्प्युटर, चार लाकडी खुर्च्या, आणि बसून बसून माणसं तक्रार करायची म्हणून त्यानं अब्बांना चार गाद्या सांगितल्या. त्या बांधायला मी गेले. सुभाषदादा एका नवरदेवाचा बायोडेटा मराठीत टाईप करत होता, एकेका अक्षराला दोन दोन मिनिटं. कळांवर त्यानं मराठी अक्षरांच्या चिठ्ठ्या चिकटवल्या होत्या. मी मागं उभी राहून बघत होते आणि न राहवून बोट दाखवलं. "तो ळ तिथं हाय."

"तुला कसं दिसलं?"

"दोनदा गेलं तुमचं बोट त्याच्यावरनं."

त्यानं मला खुर्चीत बसवलं. एबीसीडी मला येत नव्हती, म्हणून खालची इंग्रजी अक्षरं मला आडवी आलीच नाहीत. महिन्याभरात मी न बघता टाईप करायला लागले. लाईट सकाळी असायची तर दुपारी जायची, त्यामुळं लाईट असेल तेवढा वेळ मी कॅफेत आणि गेली की दुकानात, असं ठरलं. अम्मी म्हणाली, "बोलावं लागणार नाही ना कुणाशी? मग जा." आईच ती. मुलगी कशाला भिते ते तिला माहीत होतं.

तिथं लोंढे बाई आल्या. राहायला दौंडला, नवरा रेल्वेत, आणि शिकवायला न्हावऱ्याच्या अलीकडच्या एका गावात, एसटीनं. सहावी-सातवीची चाळीस मुलं. शाळेत एक कॉम्प्युटर होता पण इंटरनेट नव्हतं. बाईंनी कुठल्याशा शिबिरात ऐकलं होतं की मुलांनी स्वतःच्या आवडीचं पुस्तक वाचावं आणि काय वाटलं ते ब्लॉगवर लिहावं, म्हणजे वाचायची गोडी लागते. बाईंनी पदराला खार लावून एक पत्र्याची पेटीभर पुस्तकं जमवली. मुलांनी कागदावर लिहायचं, शनिवारी बाईंनी ते कागद आणि परत आलेली पुस्तकं पिशवीत घालून दौंडला आणायची, मी टाईप करून ब्लॉगवर चढवायचं, त्याचा छापलेला कागद सोमवारी एसटीनं गावाला जायचा आणि वर्गाच्या भिंतीवर लागायचा. इंटरनेटचा आमचा वेग हा असा, आठवड्याला एक फेरी. पैसे शाळा तीन महिन्यांनी एकदम देणार होती. तोवर सुभाषदादानं वहीत माझ्या नावावर उधारीचं खातं उघडलं.

बाईंचा नियम एकच. "रेहाना, मुलांनी लिहिलंय जसंच्या तसं. चुकलं असलं तरी दुरुस्त करायचं नाही. ते त्यांचं आहे."

मी जसंच्या तसं टाईप करायला लागले आणि तिसऱ्या शनिवारी माझी बोटं थांबली. एका मुलानं लिहिलं होतं, "हे पुस्तक मला फार आवडले. आवृत्ती दुसरी. मूल्य चाळीस रुपये." पुस्तक शेजारीच होतं. पालथं करून बघितलं तर पाठीवर तेच. मग मी एकेक कागद आणि एकेक पुस्तक लावून बघितलं. चाळीसातली तीसेक मुलं पाठीवरचं उतरवत होती. मला हसू आलं, आणि मग राग आला. माझ्याकडं पेटी नव्हती, बाई नव्हत्या, भिंत नव्हती. यांच्याकडं सगळं होतं, आणि हे पुस्तक पालथं घालून बसले होते.

मी बाईंना एवढंच विचारलं, "बाई, खाली ही कॉमेंटची जागा असते ती कशाला?"

"वाचणाऱ्यानं लिहायला."

"मग कुणी लिहीत का नाही?"

बाई पिशवी आवरता आवरता म्हणाल्या, "कुणी वाचतच नाही गं."

"मी वाचते की."

बाई थांबल्या. मी त्यांच्याकडं बघितलं नाही, कळांकडं बघत राहिले. "मग लिही," त्या म्हणाल्या.

पहिली कॉमेंट चाळीस रुपयेवाल्याला. "किंमत बरोबर आहे. आत काय आहे?" दुसरी पल्लवीला. पल्लवी सातवीतली, शाळा समितीच्या आप्पांची नात. पुस्तक होतं एका मेंढपाळाच्या मुलीचं आणि तिच्या कुत्र्याचं. पल्लवीनं लिहिलं होतं, "लेखिकेची ओघवती शैली बालवाचकांच्या भावविश्वाला अलगद स्पर्श करते." मी लिहिलं, "पल्लवी, हे तू पाठीवरून उतरवलं आहेस. पुस्तक तू वाचलेलं नाहीस. मधली पानं कडेला जोडलेलीच होती, छापखान्यात कापायची राहिलेली. ती मी आज ब्लेडनं सोडवली. कुत्रा मरतो तिथं मला रडू आलं. तुला काय आलं?" खाली सही पाहिजे म्हणून सही केली. "टाईप करणारी, रेहाना, इयत्ता चौथी."

पुढच्या शनिवारी बाईंच्या पिशवीत कागद नेहमीच्या दुप्पट होते. बाईंचा चेहरा हसू दाबल्यासारखा. "तुला उत्तरं आलीत. नियम तोच हं, जसंच्या तसं." आणि मी माझ्याच शिव्या माझ्याच हातांनी टाईप करायला बसले. "तू कोण आम्हाला विचारणार. गाद्या शिव." "चौथीवाल्यांनी सातवीवाल्यांना शिकवू नये." "तुला आमच्या बाई घाबरतात का?" एकानं तर कापसाच्या गाठोड्याचं चित्र काढून त्याला नाक-डोळे काढले होते, ते टाईप करता येईना, म्हणून मी कंसात लिहिलं, इथं माझं चित्र आहे, नाक बरं आलंय. सुभाषदादा मागून वाचत होता. म्हणाला, "आगं, हे कशाला चढवतीस? काढून टाक की."

"जसंच्या तसं ठरलंय," मी म्हणाले.

समोर माणूस असता तर मी एका शब्दात गार झाले असते. पण कागदावरची शिवी वेगळी असते. ती टाईप करेपर्यंत तिच्यावर उत्तर सुचतं. मी एकेकाला उत्तर दिलं. गाद्या शिवतेच, त्याच्यावरच तुम्ही झोपता. आणि प्रत्येकाला त्याच्या पुस्तकातला एक प्रश्न, पाठीवर नसलेला. त्यासाठी मला शनिवार ते सोमवार पुस्तकं वाचावी लागायची. मशीनच्या घरघरीत मी उशीत कापूस भरत भरत वाचलं. पुष्कळ पुस्तकांत पानापानाला कापूस जाऊन बसला. मुलांनी तक्रार केली, "रेहानाच्या हातची पुस्तकं शिंका आणतात."

आणि मग ती मुलं वाचायला लागली. मला हरवायला. माझ्या प्रश्नाचं उत्तर द्यायचं आणि उलट मलाच अडकवायचं, म्हणून कागदांवर पान क्रमांक येऊ लागले. "पान बारा बघ." "पान तीस, तळाची ओळ, मग बोल." पल्लवीनं तर मला धोबीपछाड घातला. तिनं लिहिलं, "कुत्रा मरत नाही. पान एकसष्टवर तो परत येतो. तूच पुस्तक संपवलेलं नाहीस. खोटारडी कोण?" मी पेटीतून ते पुस्तक पुन्हा मागवलं. खरं होतं. रडू आवरेना म्हणून मी शेवटची चार पानं वाचलीच नव्हती. मी त्याच जागी लिहिलं, "पल्लवीचं बरोबर आहे. मी शेवटची चार पानं न वाचता बोलले. माफी मागते." भिंतीवर ते लागलं तेव्हा वर्गात टाळ्या वाजल्या, असं बाईंनी सांगितलं. मला वाईट वाटलं नाही. माझ्याशी आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी बरोबरीनं भांडलं होतं.

पण भिंतीवर दोन्ही कागद होते, आणि पालक सभेला आलेल्या आप्पांनी वाचला तो पहिला. नातीचं नाव आणि त्याखाली, पुस्तक तू वाचलेलं नाहीस. बाईंचा निरोप आला, शनिवारी शाळेत ये, वडिलांना घेऊन.

मी अब्बांबरोबर एसटीनं गेले. ऑफिसात हेडमास्तर, आप्पा, समितीचे आणखी दोघं आणि कोपऱ्यात बाई उभ्या. खिडकीला बाहेरून मुलं चिकटलेली. मला कुणी बसा म्हणालं नाही. अब्बा आपल्यामुळं चुकून कशाला धूळ लागेल अशा भीतीनं दाराशीच उभे.

"तूच व्हय ती चौथी?" आप्पा म्हणाले.

"व्हय."

"आमच्या पोरीला तू साऱ्या दुनियेत खोटी पाडली. इंटरनेट म्हंजी अमेरिकेत बी दिसतं म्हणं."

मी जमिनीकडं बघत म्हणाले, "दुनियेत कुणी वाचत न्हाई आप्पा. मी आन् ही चाळीस पोरंच वाचतो."

खिडकीत कुणीतरी फिसकन हसलं. हेडमास्तरांनी टेबलावर पट्टी आपटली. "हे बघ, ती कॉमेंट काढून टाक आणि दोन ओळी माफीच्या लिहून दे. विषय संपला. तुलाही त्रास नको, आम्हालाही नको."

तेवढ्यात अब्बांनी हात जोडले. "पोरीची चूक झाली साहेब. अडाणी हाय. मी माफी मागतो तिच्या वतीनं."

अब्बा सगळ्यांनाच हात जोडायचे. गादी लहान झाली म्हणणाऱ्याला, पैसे नंतर देतो म्हणणाऱ्याला. मी ते रोज बघत होते आणि रोज गादीआड होत होते. त्या दिवशी आड व्हायला काही नव्हतं. "अब्बा, माझ्या वतीनं नको," मी म्हणाले. "कुत्र्याचं मी चुकले, तिथं मी आपणहून माफी मागितली. ती लिहिलेली हाय, शेजारीच लावलीय, वाचा. हे चुकलेलं न्हाई. पानं जोडलेली व्हती. मी ब्लेडनं सोडवली."

"पानांचं काय घेऊन बसलीस! लोकांची पोरं हायेत, त्यांची इज्जत हाय."

"माझी बी हाय," मी म्हणाले. हे मी म्हणाले यावर मला आजही विश्वास बसत नाही. "मला कापसाचं गाठोडं म्हणलं, ते मी माझ्या हातानं टाईप केलं. एक अक्षर काढलं न्हाई. मग हे बी निघणार न्हाई."

आप्पा बाईंकडं वळले. "बाई, मग तुम्ही काढा."

बाईंनी पदर खांद्यावर घट्ट ओढला. बदलीची भीती त्यांच्या तोंडावर मला स्पष्ट दिसत होती. "मला काढता येतं आप्पा. पण कुणाच्याही लिहिण्याला हात लावायचा नाही, हा नियम मीच मुलांना घालून दिलाय. आज मीच मोडला, तर सोमवारी त्यांच्यापुढं कुठल्या तोंडानं उभी राहू?" मग हळू आवाजात, "आणि आप्पा, तुमची पल्लवी या महिन्यात पाच पुस्तकं वाचून बसलीय. घरी विचारा."

आप्पा उठले. "शाळा या टायपिंगचा एक पैसा देणार न्हाई. ज्यानं लिवलं त्यानं भरावं." हेडमास्तरांनी मान डोलावली. सभा संपली.

परतीच्या एसटीत अब्बा माझ्याशेजारी बसले. स्टँडवर घेतलेल्या शेंगा सोलत राहिले आणि दाणे माझ्या ओंजळीत टाकत राहिले. अर्ध्या वाटेवर विचारलं, "पानं खरंच जोडलेली होती?"

"व्हय."

"मग मी उगाच माफी मागितली," ते म्हणाले आणि टरफलं खिडकीतून फेकली.

सुभाषदादानं वही उघडली. कॉम्प्युटरचं भाडं, छापायचे कागद, इंटरनेटचे तास, सगळं मिळून एक हजार एकशे चाळीस. माणूस वाईट नव्हता. आप्पांच्या ओळखीनं त्याला सोसायटीचे दाखले टाईप करायचं काम मिळणार होतं. तो म्हणाला, "रेहाना, एक ओळ हाय. काढलीस तर हे सगळं पान मी फाडतो. तुला काय फरक पडतो? कुणाला दिसतीय?"

"मला दिसती."

"हजार रुपये हायेत आगं!"

"एक हजार एकशे चाळीस," मी म्हणाले. "मी भरीन."

बाई अर्धे देते म्हणाल्या. मी घेतले नाहीत. त्यांच्या पगारातून पेटी भरत होती, त्या पैशात पुस्तकं येतील हे मला दिसत होतं. अम्मीनं कपाळावर हात मारला. "चार शब्दांसाठी? त्यात माझे दागिने झाले असते." पण दुसऱ्या दिवसापासून माझ्या वाटणीची भांडी ती घासू लागली आणि अब्बांनी लग्नसराईच्या उशा बाहेर शिवायला द्यायच्या बंद करून माझ्यापुढं ठेवल्या. उशीला चार रुपये शिलाई. मी त्या वर्षी किती उशा शिवल्या ते डोळ्यांना विचारावं. दौंडमधल्या कितीतरी घरांत लोक माझ्या त्या ओळीवर डोकं ठेवून झोपत होते आणि त्यांना पत्ता नव्हता.

ब्लॉग थांबला नाही. बाईंनी शाळेचं नाव काढून टाकलं आणि मुलांनी वर्गणी काढली, आठवड्याला एकेक रुपया. कागद कमी झाले, पण आले. आप्पांनी घरी बंदी घातली असं ऐकलं होतं, तरी एका शनिवारी पल्लवीचा कागद आला, दुसऱ्या मुलीच्या कागदाला टाचणीनं लावलेला. "माझा राग अजून गेलेला नाही. तू पुढचं कुठलं वाचते आहेस ते सांग, म्हणजे मी आधी संपवीन." मी ते जसंच्या तसं टाईप केलं आणि खाली पुस्तकाचं नाव दिलं. तिनं आधी संपवलं. पान क्रमांकासकट.

शेवटचे साठ रुपये मी एका मंगळवारी दिले. लाईट नव्हती, चारही कॉम्प्युटर काळे होते आणि सुभाषदादा वर्तमानपत्रानं वारा घेत बसला होता. त्यानं नोटा मोजल्या, सुटे मोजले, माझ्या नावाच्या पानावर आडवी रेघ ओढली आणि तिच्यावर लिहिलं, पूर्ण जमा.

"झालं तुझं मनासारखं," तो म्हणाला. "आता तरी काढशील का ती ओळ?"

"आता तर मुळीच न्हाई," मी म्हणाले. "आता ती माझ्या पैशाची हाय."